पाल्पाच्या डोंगरात मिरजेची मंडळी

बुधवार, गोरखपूरच्या गाडीत

मिरजेच्या ख्रिस्ती माणसाला मिशन म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये कॅनडाहून इकडे आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत इस्पितळ उघडलं आणि पुढची तीसेक वर्षं ते इथंच राबले. माझी आजी मिशनच्या शाळेत शिकली, आई मिशनच्या वॉर्डात काम करायची आणि मीही नर्स म्हणूनच निवृत्त झाले. बाहेरून कोणीतरी येऊन राहिलं म्हणून आमच्या घरात अक्षर आलं, औषध आलं आणि शुभवर्तमान आलं. त्यामुळे आपल्या मंडळीने, म्हणजे चर्चने, थोड्या दिवसांसाठी माणसं नेपाळला पाठवायची ठरवली तेव्हा मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. राहायला जाणं वेगळं, आठवड्याभरासाठी जाणं वेगळं. थोड्या दिवसांत आपण कोणाला काय देणार?

पुण्याहून निघालेल्या गाडीत आम्ही नऊ जण आहोत. पाळकसाहेब, महिला मंडळाच्या आम्ही तिघी, तरुण संघाची चार मुलं आणि प्लंबिंग-गवंडीकाम दोन्ही जाणणारे एक काका. पाळकसाहेबांनी निघण्याआधी सगळ्यांच्या पिशव्या तपासायला लावल्या. एकाकडे नेपाळीतली पत्रकं होती, ती त्याने घरी ठेवली. कारण साधं आहे. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातल्या २६व्या कलमाने दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली आहे. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या १५८व्या कलमात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर रवानगी. आपण चार दिवसांनी परत येणार. चौकशीला तोंड द्यायचं ते तिथल्या पाळकाला. मला पाळकसाहेबांचं म्हणणं पूर्ण पटलं.

जबलपूरनंतर डब्यात भजनं झाली. समोरच्या बर्थवरच्या उत्तर भारतीय आजी टाळ्या वाजवत होत्या.

शुक्रवार, सुनौली ते तानसेन

काल रात्री गोरखपूरला उतरलो. आज पहाटेच्या बसने सीमेवरचं सुनौली. भारतीयांना व्हिसा लागत नाही, ओळखपत्र दाखवायचं आणि कमानीखालून चालत पलीकडे जायचं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं आणि शंभर रुपयांचे एकशेसाठ मोजून घ्यायचे. पाट्या देवनागरीत, म्हणून वाचता येतात आणि वाचूनही निम्म्याच कळतात. मुलांना त्यातच मजा वाटत होती.

भैरहवा, मग बुटवल. इथे तराईचं सपाट रान संपतं आणि रस्ता तिनाऊ नदीच्या घळीत शिरतो. सिद्धबाबाच्या टप्प्यात कड्यावरून दगड कोसळत असतात, पावसाळ्यात तर तिथून जाणं म्हणजे जिवावरचं काम. बोगद्याचं काम चालू असल्याने आमची गाडी बराच वेळ थांबवली होती. चालक दाइंनी (दाइ म्हणजे थोरला भाऊ) सिद्धबाबाला हात जोडले, आम्ही आमची प्रार्थना केली आणि गाडी पुढे निघाली. बर्तुङहून वर चढलो आणि पाल्पा जिल्ह्यातलं तानसेन दिसलं. उतारावर एकावर एक रचलेली घरं, दगडी फरशीच्या चढणी आणि दुकानादुकानांत पाल्पाच्या ढाका कापडाच्या टोप्या.

तानसेनला मला जायचंच होतं, त्याला कारण आहे. १९५१ पर्यंत राणांच्या राजवटीत नेपाळ बाहेरच्यांना बंद होता. पृथ्वीनारायण शाहांनी काठमांडूचं खोरं जिंकल्यावर १७६९ मध्ये तिथल्या कापुचिन, म्हणजे एका कॅथलिक संघाच्या, पाद्र्यांना देश सोडावा लागला. त्यांच्याबरोबर निघालेली नेवार ख्रिस्ती कुटुंबं बिहारात बेतियाच्या परिसरात वसली. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं तिथे मंडळी म्हणून काही उरलंच नाही. मसुरीच्या शाळेत शिकवणारे रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचे अभ्यासक होते. पक्ष्यांचे नमुने गोळा करायला ते नेपाळात आले. १९५१-५२ च्या हिवाळ्यात त्यांच्याबरोबर डॉक्टर मंडळीही होती आणि तानसेनमध्ये उपचारासाठी माणसांची रीघ लागली. तेव्हा त्यांनी सरकारला लिहून विचारलं, की इथे इस्पितळ काढू का. सरकारने होकार दिला, पण अट घातली, की सेवा करा, प्रचार करू नका. अट मान्य करून वेगवेगळ्या देशांतल्या मिशनांनी एकत्र येऊन ‘युनायटेड मिशन टु नेपाळ’ उभं केलं. त्याची स्थापना १९५४ च्या मार्चमध्ये झाली ती आपल्या नागपुरात. हे मला निघण्याच्या तयारीत वाचताना कळलं आणि तेव्हापासून या जागेशी आपलं नातं आहे असं वाटत राहिलं.

संध्याकाळी तानसेनच्या मिशन इस्पितळाच्या आवारात जाऊन आलो. वॉर्डात शिरलो नाही, रोगी काही पाहुण्यांनी बघायची गोष्ट नव्हे. बाहेर नातेवाइकांची गर्दी, पाठीवर बाळ बांधलेल्या बाया, डोक्याच्या पट्ट्याला डोको, म्हणजे पाठीवरची विणलेली टोपली, अडकवलेले म्हातारे. जंतुनाशकाचा वास आला आणि मला थेट मिरजेचा वॉर्ड आठवला. मी तिथे कामाला हात लावला नाही. परदेशी डॉक्टर-नर्सला नेपाळच्या कौन्सिलची नोंदणी असल्याशिवाय उपचार करता येत नाहीत, आणि हे योग्यच आहे. परदेशातून आलेला कोणीही आपल्या गावात तंबू टाकून औषधं वाटू लागला आणि आठवड्याने निघून गेला, तर त्या गोळ्यांनी कोणाचं काय झालं हे कोण बघणार? आमच्या इस्पितळात अशा शिबिरांनंतर दाखल झालेले रोगी मी पाहिले आहेत.

शनिवार, गावातली उपासना

तानसेनहून जीपने दोन तास आणि मग पायी. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या मंडळीने तशी विनंती केली आहे. मगर या डोंगरी समाजाची वस्ती. खाली लाल वर पांढरी मातीने सारवलेली घरं, अंगणात वाळत घातलेला कोदो, म्हणजे आपली नाचणी, झाडावर पिकू लागलेली संत्री.

नेपाळात सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. पत्र्याचं छप्पर आणि दगडी भिंती असलेलं मंदिर, म्हणजे उपासनेचं चर्च. बाहेर चपलांची रास, आत जमिनीवर चटया, एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. पुरुषांची बाजू जवळजवळ रिकामी होती. होते ते म्हातारे आणि शाळकरी पोरं. बाकीचे कतार, मलेशिया, सौदी. कोकणातल्या मुंबईच्या चाकरमान्यांचं गाव पाहिलेल्याला हे पटकन कळेल.

एक मुलगी मादल, म्हणजे तिकडचा ढोलक, वाजवत होती, बाकी सगळे टाळ्यांवर गात होते. बोल कळत नव्हते, पण नेपाळीत ख्रिस्ताला ‘येशू ख्रीष्ट’ म्हणतात तेवढं कानाला लागत होतं आणि तेवढं पुरे होतं. दोन्ही भाषांचे नवे करार श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या मिशनरी विल्यम कॅरीसाहेबांच्या छापखान्यातून निघाले, मराठीचा १८११ मध्ये आणि नेपाळीचा १८२१ मध्ये. नेपाळी माणसाने आपल्या भाषेत आणलेलं संपूर्ण बायबल मात्र दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधानांनी सिद्ध केलं. ते १९१४ मध्ये छापून आलं. देशात एक मंडळी नसताना देशाच्या सीमेबाहेर बसून कोणीतरी ते काम वर्षानुवर्षं करत राहिलं, याचा मी उपासनाभर विचार करत होते.

साक्षीच्या वेळी, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायच्या वेळी, एक साठीच्या आमा (आई) उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं, की त्या आजारी होत्या, शेजारच्या गावातली एक बाई महिनाभर रोज येऊन पाणी भरून देत होती आणि जाताना प्रार्थना करत होती. ती बाई ख्रिस्ती होती. एवढीच साक्ष. कोणा परदेशी माणसाचं त्यात नाव नव्हतं.

मला वाटतं नेपाळच्या मंडळीची सगळी गोष्ट यातच आहे. ज्यांनी इस्पितळं बांधली त्यांनी प्रचार न करण्याचा शब्द दिला होता. सुवार्ता पोचवली ती नेपाळ्यांनीच, दार्जिलिंगहून, नौतनवाहून आलेल्या साध्या माणसांनी, आणि किंमतही त्यांनीच मोजली. १९६० मध्ये याच तानसेनात बाप्तिस्म्याच्या कारणावरून पाळक डेव्हिड मुखिया आणि नवे विश्वासी तुरुंगात गेले. त्या वेळी सगळ्या देशात ख्रिस्ती म्हणून मोजलेली माणसं पाचशेच्या आत होती. २०२१ च्या जनगणनेत ती पाच लाख बारा हजारांवर आहेत. ही वाढ झाली त्या काळात बाहेरच्यांना प्रचाराची मुभा नव्हती, हे आमच्यासारख्या जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक गटाने आधी शांतपणे ध्यानात घ्यावं.

उपासनेनंतर तिथले पाळक, ज्यांना सगळे पास्टर दाइ म्हणतात, आम्हाला बाजूला घेऊन बसले. हिंदी चांगलं बोलतात, बरीच वर्षं भारतात काम केलेलं आहे. आमच्या मंडळीने जुन्या-नव्या कपड्यांचं मोठं गाठोडं बांधून पाठवलं होतं. त्यांनी ते उघडूसुद्धा दिलं नाही. म्हणाले, “दिदी, हे तुम्ही प्रेमाने आणलंय ते मला माहीत आहे. पण आज मी हे मंदिरात वाटलं, तर उद्या सगळं गाव म्हणेल की ही माणसं कपड्यांसाठी येशूकडे गेली. ही आमा कशासाठी आली ते तुम्ही आत्ताच ऐकलंत.”

आमच्यातल्या एका तरुण मुलाला हे फार लागलं. पण मला आणि पाळकसाहेबांना एकमेकांकडे बघावंही लागलं नाही. ‘पोटासाठी बाटले’ हे वाक्य मिरज-सांगलीकडे आम्ही तीन पिढ्या ऐकलं आहे. शाळेत ऐकलं, पाणवठ्यावर ऐकलं, माझ्या आईने तर नोकरीतही ऐकलं. दुष्काळात मिशनने धान्य वाटलं ते दयेपोटीच, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण त्या धान्याचा हिशेब आमच्या विश्वासाला अजून द्यावा लागतो. जे आमच्या आजीच्या वाट्याला आलं ते या आमांच्या नातवंडांच्या वाट्याला आपल्या हाताने घालायचं? मग ठरलं, की गाठोडं शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यायचं, धर्म न बघता गरज बघून त्यांनी वाटायचं, आणि मंडळीचं नाव कुठेही घ्यायचं नाही. पास्टर दाइंच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा उतरला.

फोटोंचंही तेच. दुसऱ्यांच्या लेकरांना कडेवर घेऊन काढलेले फोटो घरी जाऊन दाखवायचे नाहीत असं आम्ही मुलांना सांगितलं. मिरजेत लहान असताना आमचेही असे फोटो निघाले होते. कोणत्या देशातल्या कोणत्या भिंतीवर ते लागले, कोण जाणे.

रविवार आणि सोमवार, भिंत

पास्टर दाइंना आम्ही आधी पत्राने विचारलं होतं, की आम्ही काय करावं. आमच्याकडे मुलांसाठी गाणी, नाटुकली, स्वच्छतेवरची व्याख्यानं अशी यादी तयार होती. त्यांचं उत्तर आलं होतं, की पावसात मंदिरामागची दगडी भिंत ढासळली आहे, दगड वाहून आणायला गावात हात नाहीत.

तर दगड वाहिले. खाली ओढ्यापासून वर मंदिरापर्यंत. आमची मुलं जिममध्ये जाणारी, पण पहिल्या फेरीतच धापा टाकू लागली. गावच्या बाया डोकोत त्याहून दुप्पट दगड भरून, कपाळाला नाम्लो, म्हणजे ओझ्याचा पट्टा, लावून, गप्पा मारत वर जात होत्या. काका गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रींबरोबर भिंतीला बसले. दोघांना एकमेकांचं बोलणं फारसं कळत नव्हतं, तरी दगड कुठे बसवायचा यावर दोघांचे मतभेद नीट झाले आणि मिटलेही. पाणी निघून जायला भिंतीत भोकं ठेवायची हे मिस्त्रींनी ठरवलं, आणि मागे खडीचा थर द्यायचं काकांनी.

मी हिशेब केला. आमच्या नऊ जणांच्या प्रवासाच्या पैशात इथल्या मजुरीने ही भिंत आरामात झाली असती आणि पैसे उरले असते. हे मी रात्री पाळकसाहेबांना स्पष्ट सांगितलं. केवळ भिंतीसाठी यायचं असेल तर येऊ नये, मनीऑर्डर करावी, असं माझं आजही मत आहे. ते म्हणाले, “सिस्टर, हे तुम्ही मंडळीच्या सभेत उभं राहून सांगा.” मी सांगणार आहे.

जेवण रोज पास्टर दाइंच्या घरी. डाळभात, गुन्द्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी), कधी ढिंडो (पिठाचा घट्ट उकडा), आणि पाल्पाची चुकौनी, म्हणजे दह्यातले बटाटे, वरून हळदीची फोडणी. भाउजू, म्हणजे पास्टर दाइंची बायको, आम्हाला वाढून झाल्याशिवाय स्वतः बसत नव्हत्या. शिष्यांना पाठवताना प्रभूने सांगितलं होतं की घरोघर फिरू नका, एका घरी राहा आणि वाढतील ते खा. मी हे वचन कितीदा वाचलंय. दुसऱ्याच्या चुलीवर अवलंबून राहिल्याशिवाय पाठवलेला माणूस नीट पोचत नाही, असं मला या घरात बसल्यावर वाटलं. आम्ही सोबत मॅगीचे खोके नेले होते ते तसेच राहिले.

मंगळवार, चुलीजवळ

दुपारी दगडांचं काम थांबलं तेव्हा भाउजू मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. चुलीपाशी पाचसहा बाया बसल्या होत्या. मी नर्स आहे हे त्यांना कळलं होतं. सुरुवातीला डोकेदुखी, गुडघेदुखी. मग एकीने दार लोटलं आणि हलक्या आवाजात खरं बोलणं सुरू झालं. अंग बाहेर येण्याचा त्रास. कोणाला पाच वर्षं, कोणाला वीस. एकीला पहिल्या बाळंतपणापासून, बाराव्या दिवशी डोको उचलला तेव्हापासून.

नेपाळच्या डोंगरात हा आजार किती आहे हे मी ऐकून होते. कमी वयात आणि लागोपाठ बाळंतपणं, घरी अडलेली सुटका, विश्रांती नाही आणि पोटावर जोर येईल असं ओझं. गर्भाशय खाली सरकतं, बसायला त्रास, चालायला त्रास, लघवीवर ताबा नाही, आणि नवऱ्यालाही सांगायची चोरी. आपल्याकडेही ऊसतोडीच्या फडातून आलेल्या बाया मी अशाच पाहिल्या आहेत, वीस-पंचवीस किलोमीटर लांबच्या तळावरून एकट्याच आलेल्या.

मी कोणालाही तपासलं नाही, गोळी दिली नाही. बोलले. भाउजू माझं हिंदी नेपाळीत सांगत होत्या. हा शाप नाही, कोणाच्या पापाचं फळ नाही, शरीराचा आधार सैल झालेला आहे, आणि याला उपाय आहेत. थोडा त्रास असेल तर व्यायाम, मी बसूनच करून दाखवला. त्याहून जास्त असेल तर आत रबराची रिंग बसवतात, ती वेळच्या वेळी काढून धुवावी लागते. अगदी बाहेर येत असेल तर शस्त्रक्रिया. बाळंतपणानंतर सहा आठवडे ओझं उचलू नये, हे सांगितल्यावर सगळ्या हसल्या. मग न उचलून खायचं काय, असं त्या हसण्यात होतं. मी पुढे काही बोलू शकले नाही.

एक तरुण मुलगी कोपऱ्यात बसून सगळं वहीत लिहीत होती. ती भाउजूंची पुतणी, बारावी झालेली, नर्सिंगला जायचंय. तिने मला एकामागून एक असे प्रश्न विचारले, की माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींतल्या फार थोड्यांनी तसे विचारले असतील. रिंग किती महिन्यांनी बदलायची? जखम झाली हे कशावरून ओळखायचं? मी पुढच्या आठवड्यात इथे नसेन. ही असेल. जे येत होतं ते सगळं मी तिच्या वहीत उतरवून दिलं, मध्यरात्र उलटेपर्यंत.

बुधवार

तिघी बायांना आमच्याच जीपमधून तानसेनला नेलं, भाउजू आणि ती मुलगी बरोबर. इस्पितळात चिठ्ठी काढण्यापासून सगळं त्या मुलीने केलं, मी फक्त बाकावर बसून होते. खाली मादी खोऱ्यात सकाळचं धुकं भरलं होतं, पांढऱ्या तळ्यासारखं. मुलं ते बघायला श्रीनगरच्या टेकडीवर गेली आणि तिथून धौलागिरी दिसला म्हणून ओरडत खाली आली.

मुलीला डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर सोडून आम्ही बुटवलची गाडी धरली.

रविवार, मिरज

आज उपासनेनंतर मंडळीपुढे अहवाल ठेवला. फोटो चार दाखवले. भिंतीचे दोन, रस्त्याचा एक, आणि पास्टर दाइंनी स्वतः काढून दिलेला एक, ज्यात आम्ही सगळे जेवायला बसलो आहोत. एका ज्येष्ठ बंधूंनी विचारलं, की किती जणांनी प्रभूचा स्वीकार केला. प्रश्नामागची कळकळ मला कळते. मी त्या आमांची साक्ष जशी ऐकली तशी सांगितली, महिनाभर पाणी भरणाऱ्या बाईसकट, आणि म्हटलं की ते काम तिथे चालू आहे, आपण तिथे नसतानाच.

मग पैशांचं बोलले. पुढच्या वर्षी नऊ तिकिटं काढू नयेत. दोन माणसं जावीत, पास्टर दाइंनी बोलावलं तर आणि ते सांगतील त्या कामासाठी. उरलेल्या पैशात त्या मुलीची नर्सिंगची फी भरावी, ती पास होईपर्यंत दरवर्षी, तिच्यावर कसलीही अट न घालता. आणि पास्टर दाइ व भाउजूंना मिरजेला बोलवावं. त्यांनी आमच्या मंदिरात शिकवावं, आपण ऐकावं. चर्चा लांबली. फी भरायचा ठराव झाला, बाकीचं महिला मंडळ आणि मंडळीच्या पंचायतीच्या पुढच्या बैठकीत.

संध्याकाळी भाउजूंचा फोन आला. दोघींना रिंग बसवली, त्या घरी आहेत, एकीने ओझं उचललं म्हणून पुतणीने तिला रागावलं. तिसरीची शस्त्रक्रिया लागणार आहे. नवरा कतारमध्ये आहे. आजवर त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आता तिने स्वतः फोन करून सांगितलं. तो म्हणाला, तारीख घे, मी पैसे पाठवतो.